सागरतळाचा सांगावा
- खास प्रतिनिधी

इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या पालू शहराला २८ सप्टेंबर २०१८ रोजी सायंकाळी भूकंपाचा जबर हादरा बसला आणि काही मिनिटांतच त्सुनामीच्या लाटा किनाऱ्यावर चढल्या. भूकंप, लाटा आणि चिखलासारखी वाहू लागलेली जमीन या तिहेरी आपत्तीत चार हजारांहून अधिक माणसे दगावली. २००४ च्या महाभयंकर त्सुनामीनंतर परदेशांच्या मदतीने या देशाच्या समुद्रात सोडलेले २२ इशारा बोये कुठे गेले, हा प्रश्न मग साहजिकच विचारला गेला. उत्तर क्लेशदायक होते. २०१२ पासून त्यातला एकही बोया चालू नव्हता. काहींची मोडतोड झाली होती, काहींचे सुटे भाग चोरीला गेले होते आणि उरलेले देखभालीसाठी पैसा नसल्याने बंद पडले होते.

त्याच दिवसांत आणखी एक बातमी आली. सुमात्रा बेटावरील पादांग शहरासमोरच्या समुद्रात अमेरिकी आणि इंडोनेशियन शास्त्रज्ञांनी एका नव्या यंत्रणेचा नमुना तयार केला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्यासाठी ३० लाख डॉलर दिले होते. या यंत्रणेत पाण्यावर तरंगणारे, कोणाच्याही हाती लागू शकणारे बोये नव्हते. सागरतळावर बसवलेले संवेदक, म्हणजे सेन्सर, भूकंपाची आणि पाण्याच्या दाबातील बदलाची नोंद घेणार, ती ध्वनीच्या रूपाने २० ते ३० किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्राकडे धाडणार, ते केंद्र ती तिसऱ्याकडे देणार आणि शेवटच्या केंद्रापासून काही किलोमीटरची केबल ती किनाऱ्यावर आणणार, अशी योजना होती. पण नेमकी ती अखेरची केबल टाकायची राहून गेली होती. सुमारे ६९ हजार डॉलरच्या त्या कामासाठी संबंधित सरकारी यंत्रणांमध्ये त्या वेळेपर्यंत एकमत झाले नव्हते.

पालूला लाटा इतक्या लवकर पोहोचल्या की कोणत्याही बोयाचा तेथे कितपत उपयोग झाला असता, ही शंका रास्तच आहे. शिवाय पादांगची यंत्रणा पालूपासून फार दूर होती. मात्र या दोन बातम्यांमुळे एका अप्रसिद्ध शास्त्राकडे जगाचे लक्ष वेधले गेले. समुद्राच्या पोटात बसलेल्या यंत्राने काही तरी टिपले, तर तो निरोप कोणत्या वाटेने, किती ऊर्जा खर्चून आणि किती खात्रीने वर आणायचा, याचे हे शास्त्र आहे. त्याला 'पाण्याखालील बिनतारी संवेदक जाळ्यांतील मार्गनिवड' असे लांबलचक नाव आहे. इंटरनेटच्या जगात हीच गोष्ट 'राउटिंग' म्हणून ओळखली जाते. जमिनीवर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. समुद्रात मात्र तो नव्याने सोडवावा लागतो.

पाण्यात रेडिओ मुका

आपला मोबाईल, वायफाय, दूरचित्रवाणी, उपग्रह, सारे काही रेडिओलहरींवर चालते. खारे पाणी वीजवाहक असल्याने ते या लहरींची ऊर्जा झपाट्याने शोषून घेते. घरातले वायफाय समुद्राच्या पाण्यात वीतभरही पोहोचणार नाही. फक्त अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी पाण्यात काही मीटर शिरतात. पाणबुड्यांशी अशा लहरींवरून संपर्क साधण्यासाठी भारतीय नौदलाने तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ 'आयएनएस कट्टबोम्मन' हे केंद्र उभारले आहे. त्यासाठी उत्तुंग मनोरे आणि प्रचंड वीज लागते. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्राचे ते काम नव्हे.

प्रकाशाचा पर्यायही तोकडाच आहे. निळा-हिरवा प्रकाश स्वच्छ पाण्यात काही दशक मीटर, फार तर शंभर मीटरच्या आसपास उपयोगी पडतो. पाणी गढूळ असेल तर तेवढाही नाही. त्यामुळे दूरच्या संपर्कासाठी उरतो तो ध्वनी. पाण्यात तो हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. १८२६ मध्ये कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात हा वेग मोजला होता. एका नावेवर पाण्याखाली घंटा वाजवायची, त्याच क्षणी दारूचा भडका उडवायचा आणि दूरच्या नावेवर भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा, अशी त्यांची साधी युक्ती होती. उत्तर आले सेकंदाला १,४३५ मीटर. समुद्राच्या पाण्यात हा वेग साधारण १,५०० मीटर असतो.

हवेच्या तुलनेत हा वेग चांगला असला, तरी रेडिओलहरींच्या तुलनेत तो दोन लाख पटींनी कमी आहे. तीन किलोमीटरवरच्या यंत्राला हाक मारली तर ती पोहोचायला दोन सेकंद आणि उत्तर यायला आणखी दोन. शिवाय लांब पल्ल्याचे ध्वनिमोडेम सेकंदाला काही हजार बिट एवढीच माहिती पाठवू शकतात. सेकंदाला पाच हजार बिट हा वेग धरला, तर मोबाईलवर काढलेले तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र धाडायला ८० मिनिटे लागतील.

यापुढच्या अडचणी समुद्राच्या स्वभावातून येतात. ध्वनी पृष्ठभागावर आणि तळावर आपटून परततो, त्यामुळे एकच निरोप पुढे-मागे अनेक वेळा ऐकू येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. पाण्याचे तापमान खोलीप्रमाणे बदलते, तसा ध्वनीचा मार्ग वाकतो. परिणामी काही जागा 'सावलीत' जातात आणि जवळ असूनही तेथे काही ऐकू येत नाही. जहाजांचे पंखे, पाऊस, फुटणाऱ्या लाटा, इतकेच नव्हे तर उष्ण प्रदेशांतील उथळ पाण्यात नांगी कडकडवणारी कोळंबीची एक जात, हे सर्व मिळून गोंगाट करतात.

बोलणे महाग

या यंत्रांची खरी मर्यादा बॅटरी ही आहे. समुद्रतळावर सूर्यप्रकाश नाही, म्हणजे सौरऊर्जा नाही. बॅटरी संपली तर ती बदलण्यासाठी जहाज घेऊन जावे लागते, हवामान अनुकूल असावे लागते, यंत्र वर आणून पुन्हा खाली सोडावे लागते. अशा फेरीचा खर्च त्या बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. म्हणून या जाळ्यांचे आयुष्य वर्षांत मोजायचे, तरी ते खर्च होते वॉट-सेकंदांत.

जमिनीवरच्या छोट्या रेडिओयंत्रांत बोलण्याचा आणि ऐकण्याचा खर्च जवळपास सारखा असतो. पाण्यात तसे नाही. ध्वनिमोडेमला ऐकायला वॉटचा अंश पुरतो. दूरवर बोलायचे तर मात्र अनेक वॉट, कधी दहा-वीस वॉटही लागतात. म्हणजेच पाण्याखाली प्रत्येक अनावश्यक शब्द आयुष्यातून वजा होतो. पाण्याखालील जाळ्यांचे सारे अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. जो कमीत कमी बोलून काम भागवतो तो अधिक काळ जगतो. अर्थात गप्प राहणेही फुकट नसते. अखंड कान लावून बसण्याचा अल्प खर्च वर्षभरात साचत जातो. म्हणून ही यंत्रे बराच वेळ झोपेत ठेवतात आणि ठरावीक खुणेचा ध्वनी आला की जागी करतात.

एक लांब उडी की छोटे टप्पे?

समजा, निरोप दहा किलोमीटरवर न्यायचा आहे. तो एका दमात पाठवावा की मध्ये एक यंत्र ठेवून पाच-पाच किलोमीटरच्या दोन टप्प्यांत? ध्वनी चहूकडे पसरत जातो, तेव्हा अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. त्यातच पाणी ध्वनी शोषून घेते. १० किलोहर्ट्झ वारंवारितेचा ध्वनी दर किलोमीटरला साधारण एक डेसिबलने क्षीण होतो, तर १०० किलोहर्ट्झचा दर किलोमीटरला तीस डेसिबलहून अधिक. १० किलोहर्ट्झसाठी हिशेब मांडला, तर एका लांब उडीला लागणारी ऊर्जा दोन छोट्या टप्प्यांच्या एकत्रित ऊर्जेच्या सुमारे सहापट भरते.

तेव्हा टप्पे पाडणे किफायतशीर हे उघड आहे. पण प्रत्येक टप्प्यावर निरोप हरवण्याचा धोकाही असतो. एका टप्प्यावर दहापैकी नऊ निरोप सुखरूप पोहोचतात असे मानू. ऐकायला हे प्रमाण चांगले वाटते. पण असे पाच टप्पे ओलांडायचे असतील तर शंभरपैकी केवळ ५९ निरोप अखेरपर्यंत जातात. ४१ वाटेतच बुडतात. प्रत्येक टप्प्यावर एकदा पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा दिली, तर हेच प्रमाण ९५ वर जाते. विश्वासार्हता वाढवायला एक जादा प्रयत्न पुरतो, असा याचा अर्थ. मात्र तो प्रयत्न करायचा की नाही हे कळण्यासाठी पहिला निरोप पोहोचला का, याची पोहोच यावी लागते. ती पोहोच हादेखील एक निरोपच. तिलाही ऊर्जा लागते आणि वेळही.

हा वेळ किती मोलाचा असतो, हे त्सुनामीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामीची लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने जाते. ध्वनी तिच्यापेक्षा सुमारे साडेसात पट वेगवान आहे. ३० किलोमीटरचे अंतर लाट सुमारे १५० सेकंदांत कापते, तर ध्वनी २० सेकंदांत. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर निरोप लाटेच्या १३० सेकंद पुढे जातो. पण निरोप गेला, पोहोच आली नाही म्हणून ४० सेकंदांनी पुन्हा पाठवला, तोही हरवला आणि तिसऱ्या खेपेला पोहोचला, तर १०० सेकंद खर्ची पडले. १३० सेकंदांची आघाडी ५० वर आली. किनाऱ्यावरच्या माणसाला उंच जागी चढायला मिळणारी मिनिटे अशी वाटेतल्या टप्प्यांवर वाढतात किंवा घटतात.

यावर शास्त्रज्ञांनी काही तोडगे काढले आहेत. एक म्हणजे निरोपातच थोडी जादा माहिती घालायची. त्यामुळे त्यातली काही अक्षरे गोंगाटात बुडाली तरी उरलेल्यांवरून मूळ मजकूर जुळवता येतो आणि पुन्हा पाठवण्याची वेळ टळते. दुसरा तोडगा अधिक गमतीचा आहे. पुढच्या यंत्राने निरोप पुढे धाडला की त्याचा आवाज मागच्यालाही ऐकू येतोच. तीच पोहोच समजायची. वेगळ्या पावतीची गरजच उरत नाही.

दाबाने दाखवलेली वाट

आता मुख्य प्रश्न. शेकडो यंत्रे पाण्यात विखुरलेली आहेत. त्यातल्या कोणी निरोप पुढे न्यायचा? सर्वांत भाबडा उपाय म्हणजे ज्याला ऐकू येईल त्या प्रत्येकाने तो पुन्हा ओरडून सांगायचा. निरोप पोहोचण्याची शक्यता यात मोठी, पण सगळ्यांच्या बॅटऱ्या संपतात. शिवाय सारे एकाच वेळी बोलू लागले की कोणाचेच धड ऐकू येत नाही.

जमिनीवरच्या जाळ्यांप्रमाणे प्रत्येक यंत्रापाशी पूर्ण वाटेचा नकाशा ठेवावा, तर पाण्यात नांगरलेली किंवा तरंगती यंत्रे प्रवाहाबरोबर हलतात. नकाशा आज केला की उद्या जुना होतो आणि तो सतत नवा करायचा म्हणजे पुन्हा बोलणे आले. उपग्रहांवर आधारलेली जीपीएस यंत्रणा पाण्याखाली चालत नाही, तेव्हा 'मी कुठे आहे' हे सांगणेही यंत्राला अवघड जाते. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतील इयान अक्यिल्दिझ, दारिओ पोम्पिली आणि तोमासो मेलोदिया यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात या अडचणींची व्यवस्थित मांडणी केली आणि त्यानंतर या क्षेत्रात संशोधनाला भर आला.

२००६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक कल्पना मांडली. निरोप जिथून निघाला ती जागा आणि जिथे जायचा ती जागा यांच्यामध्ये एक काल्पनिक नळी आहे असे समजायचे. नळीच्या आत असलेल्या यंत्रांनीच तो पुढे न्यायचा, बाहेरच्यांनी गप्प बसायचे. कल्पना सुबक होती, परंतु त्यासाठी प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असणे आवश्यक होते.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच विद्यापीठातून आलेल्या दुसऱ्या पद्धतीने ही अटच काढून टाकली. पाण्यात यंत्राला आपली जागा ठाऊक नसली तरी आपली खोली नेहमी ठाऊक असते, कारण दर दहा मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक वातावरणाएवढा वाढतो आणि दाब मोजणारा संवेदक साधा, स्वस्त असतो. निरोप पृष्ठभागावरच्या बोयाकडे जायचा असेल तर नियम सोपा. माझ्यापेक्षा खोल असलेल्याकडून निरोप आला तर तो पुढे न्यायचा, माझ्यापेक्षा उथळ असलेल्याकडून आला तर सोडून द्यायचा.

यातही एक खुबी आहे. निरोप ऐकताच कोणी लगेच बोलायचे नाही, थोडे थांबायचे. जो पृष्ठभागाच्या अधिक जवळ आहे त्याने कमी थांबायचे, जो खाली आहे त्याने जास्त. वरच्याने निरोप पुढे धाडल्याचे ऐकू आले की खालच्याने आपला विचार रद्द करायचा. वर्गात पहिल्या बाकावरच्याने उत्तर दिले की मागचे हात खाली घेतात, तसेच हे. नकाशा नको, जागा नको, आगाऊ बोलाचाली नको. खोलीवर आधारलेली ही मार्गनिवड या क्षेत्रातील पायाभूत पद्धत मानली जाते आणि तिच्यानंतर निघालेल्या अनेक पद्धतींची तुलना तिच्याशीच केली जाते.

नेहमीच्या गड्यांवर भार

या पद्धतीतला दोषही लवकरच ध्यानात आला. जी यंत्रे पृष्ठभागाजवळ आहेत, त्यांच्याच वाट्याला दर वेळी काम येते. कचेरीत जो तत्पर असतो त्याच्याच टेबलावर फायलींचा ढीग पडतो, तशी गत. अशी यंत्रे आधी दमतात, बंद पडतात आणि जाळ्याला वरच्या बाजूला भोक पडते. खालची यंत्रे अजून धडधाकट असतात, पण त्यांचा निरोप वर न्यायला कोणी उरत नाही. एकूण ऊर्जा कमी खर्च झाली याला अशा वेळी फारसा अर्थ राहत नाही. ती कोणाची खर्च झाली याला महत्त्व येते.

म्हणून पुढच्या काही वर्षांतील पद्धतींनी खोलीबरोबर शिल्लक बॅटरीचाही विचार सुरू केला. थांबण्याचा काळ ठरवताना ज्याची बॅटरी अधिक भरलेली त्याने आधी बोलायचे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत तर यंत्रे अनुभवातून शिकतात. कोणाकडे निरोप दिला असता तो पुढे गेला, कोणाकडे दिला असता हरवला आणि कोणाची ऊर्जा किती उरली, याचा हिशेब ठेवून ती शेजारी निवडतात. शेजारी बदलला की निवडही बदलते.

दुसरा दोष 'आंधळ्या गल्ली'चा. एखाद्या यंत्राच्या वर ऐकू येण्याच्या टप्प्यात कोणीच नसेल, तर फक्त 'वर जा' एवढाच नियम असलेला निरोप तेथेच अडकतो. वाट काढायची तर आधी थोडे खाली किंवा आडवे जावे लागते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या 'हायड्रोकास्ट' या पद्धतीत अशा कोंडीत सापडलेल्या यंत्राने बाहेर पडण्याची वळणाची वाट आधीच शोधून ठेवायची, अशी तरतूद आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अशा बहुतेक पद्धतींची परीक्षा संगणकावरच्या आभासी समुद्रात झालेली आहे. तेथे यंत्रे शेकड्यांनी असतात, प्रवाह आखून दिलेला असतो आणि बोयाला कोणाची होडी धडकत नाही. खऱ्या समुद्रातील प्रयोगांत यंत्रांची संख्या सहसा मोजकी असते, कारण प्रत्येक ध्वनिमोडेम महागडा आणि प्रत्येक फेरीला जहाज लागते. संगणकावर उत्तम ठरलेली पद्धत समुद्रातही तशीच चालेल, असे म्हणूनच छातीठोकपणे सांगता येत नाही.

काटकसरीचा धडा

खऱ्या समुद्रात वर्षानुवर्षे काम करून दाखवणारे उदाहरण पाहायचे तर त्सुनामीच्या बोयांकडे वळावे लागते. त्यांची साखळी अगदी आखूड असते. तळावर दाबमापक, त्याच्या डोक्यावर पृष्ठभागावर बोया आणि बोयाच्या वर उपग्रह. तळ ते बोया हा टप्पा ध्वनीचा, पुढचा रेडिओचा. अमेरिकेच्या 'डार्ट' यंत्रणेतील तळाचे उपकरण सहा हजार मीटर खोलीवर काम करू शकते आणि तेवढ्या खोलीवरून पृष्ठभागाची एक मिलिमीटरपेक्षाही कमी चढ-उतार टिपू शकते.

तिची काटकसर पाहण्यासारखी आहे. उपकरण दर १५ सेकंदांनी दाब मोजते, पण प्रत्येक आकडा वर पाठवत नाही. एरवी ते दर पंधरा मिनिटांचा एक आकडा जपून ठेवते आणि सहा-सहा तासांनी थोडक्यात खुशाली कळवते. मोजलेला आकडा आणि भरती-ओहोटीच्या गणितावरून अपेक्षित असलेला आकडा यांत काही सेंटिमीटरचा फरक पडला, की मात्र ते ताबडतोब जागे होते आणि सविस्तर बोलू लागते. दुसऱ्या पिढीच्या बोयांत किनाऱ्यावरूनही त्याला 'आता बोल' असे सांगता येते. बोयाची देखभाल दोन वर्षांनी आणि तळाच्या उपकरणाची चार वर्षांनी करावी लागावी, असे या पिढीचे उद्दिष्ट होते. शांततेत मौन आणि संकटात बोलघेवडेपणा, या साध्या नियमामुळे ते आवाक्यात आले.

भारतानेही २६ डिसेंबर २००४ च्या आघातानंतर हीच वाट धरली. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे त्सुनामी बोये बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात सोडण्यात आले आहेत. तळावरचा दाबमापक ध्वनिमोडेमने बोयाला सांगतो, बोया उपग्रहामार्फत किनाऱ्याला. या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा खोल पाण्यात नसून वर, डोळ्यांसमोर तरंगत असतो. मासेमारी नौका बोयांना बांधल्या जातात, जाळी अडकतात, सुटे भाग काढून नेले जातात. ही जगभरची तक्रार आहे. पादांगच्या शास्त्रज्ञांनी तरंगते बोये टाळून निरोप पाण्याखालूनच टप्प्याटप्प्याने नेण्याचा घाट घातला, त्याचे कारणही हेच.

इतर वाटा

ज्यांना पैसा परवडतो त्यांनी बिनतारी जाळ्याचा नाद सोडून सरळ तार टाकली. ११ मार्च २०११ च्या प्रलयानंतर जपानने आपल्या पूर्व किनाऱ्यासमोरील तळावर १५० निरीक्षण केंद्रे पाच हजार किलोमीटरहून लांब केबलने जोडली. केबलमुळे वीजही मिळते आणि निरोपही क्षणात येतो. मात्र एवढा खर्च प्रत्येक देशाला झेपणारा नाही.

दुसरी वाट म्हणजे यंत्रानेच निरोप घेऊन वर यायचे. जगभरच्या समुद्रांत फिरणारे सुमारे चार हजार 'आर्गो' तरंगक असेच करतात. दहा दिवसांतून एकदा ते दोन हजार मीटर खोलीपासून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात, उपग्रहाला माहिती देतात आणि पुन्हा बुडी मारतात. भारतही या कार्यक्रमात सहभागी आहे. हवामानाच्या अभ्यासासाठी ही पद्धत उत्तम असली, तरी ज्या निरोपाला दहा मिनिटेही थांबता येत नाही त्याच्यासाठी ती कुचकामी. तिसरी वाट स्वयंचलित पाणबुड्यांची. अशी पाणबुडी तळावरच्या यंत्रांजवळ जाते, साठलेली माहिती प्रकाशाने झटपट उचलते आणि परतते. पोस्टमनने पेटी उघडून पत्रे न्यावीत तसे.

निरनिराळ्या कंपन्यांचे ध्वनिमोडेम एकमेकांची भाषा समजत नसत, हीदेखील एक मोठी अडचण होती. इटलीतील ला स्पेझिया येथील 'नाटो'च्या सागरी संशोधन केंद्रात 'जानुस' नावाची समाईक ध्वनिभाषा तयार झाली आणि २०१७ मध्ये 'नाटो'ने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. ती कोणालाही वापरता येते. वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या बनावटीची यंत्रे उद्या एकाच जाळ्यात निरोप पुढे नेऊ लागली, तर त्याची सुरुवात येथे झाली असे म्हणावे लागेल.

आपल्या किनाऱ्यासाठी

त्सुनामी म्हटले की आपल्याला अंदमान आणि तमिळनाडू आठवते. पण भारताला त्सुनामीचा धोका दोन बाजूंनी आहे. पूर्वेला सुमात्रा-अंदमानचा पट्टा आणि पश्चिमेला पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचा मकरान. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानजवळ झालेल्या मोठ्या भूकंपानंतर काही तासांनी लाटा मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन धडकल्या होत्या आणि येथेही माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. त्या वेळी सांगावा आणणारे समुद्रात कोणीच नव्हते. आज अरबी समुद्राच्या तळाशी कान लावून बसलेली यंत्रे आहेत.

या यंत्रांची विश्वासार्हता कशात आहे, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून लक्षात यावे. उगाच न बोलणे, काम एकाच गड्यावर न टाकणे, वाट बंद झाली तर दुसरी आधीच पाहून ठेवणे आणि निरोप पोहोचल्याची खात्री कमीत कमी खर्चात करून घेणे, ही कामे गणिताने आणि अभियांत्रिकीने बरीचशी साधली आहेत. न साधलेले काम अधिक साधे आहे. बॅटरी वेळेवर बदलायला जहाज पाठवणे, बोयाला नौका बांधू नये हे मच्छीमारांना विश्वासात घेऊन सांगणे आणि शेवटच्या काही किलोमीटरच्या केबलसाठी अंदाजपत्रकात तरतूद करणे. पादांगच्या समुद्रात सांगावा २०-३० किलोमीटरचे टप्पे ओलांडू शकत होता. तो अडला होता तो किनाऱ्याजवळ, माणसांच्या हद्दीत आल्यावर.